नवस देवाला, पदक गळ्याला

ज्यांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं खेळली आहेत, त्यांना रे मिस्टेरिओ कोण हे सांगावं लागत नाही. बुटका, कमालीचा चपळ, तोंड कायम झाकलेलं आणि मुखवट्याच्या कपाळावर क्रूस. जन्माने तो कॅलिफोर्नियाचा, पण घराणं मेक्सिकन, आणि नावही घरातल्याच एका थोरल्या पैलवानाकडून आलेलं. मेक्सिकोत या मुखवटेवाल्या कुस्तीला ‘लुचा लिब्रे’ म्हणतात. तिच्यावरून आता एका वेगळ्याच तऱ्हेचे दागिने निघाले आहेत. मुखवट्याच्या आकाराची चांदीची पदकं, मीनाकाम केलेली कानातली, अंगठीवर पैलवानाचं झाकलेलं तोंड. त्याच माळेत मुखवट्याशेजारी ग्वादालुपेची माता मेरी असते, ज्वाळांनी वेढलेलं येशूचं हृदय असतं, आणि पत्र्याचे इवलेसे हात, पाय, डोळेही लोंबत असतात.

आखाडा आणि देव्हारा एका साखळीत कसे, असा प्रश्न परक्या गिऱ्हाइकाला पडत असेल. चेंबूरच्या माणसाला पडू नये. कॅम्पातले सिंधी, छेडानगरचे तमिळ, गावठाणातले ईस्ट इंडियन, सिद्धार्थ कॉलनीतले बौद्ध, माहुलचे कोळी आणि घाटावरून येऊन इथे रुजलेली मराठी कुटुंबं, हे सगळे सकाळी एकाच हार्बर लोकलच्या डब्यात चेंगरून उभे असतात. तेव्हा समोरच्याच्या गळ्यावर नजर टाकली, तर कोणाचा देव कोणता हे बहुतेक कळतं. मेक्सिकोच्या त्या दागिन्यांचं कोडं सोडवायला हा डबा पुरेसा आहे. मात्र आधी मेक्सिकोची गोष्ट नीट सांगायला हवी.

तिथे व्यावसायिक कुस्तीचा संसार मांडला तो साल्वादोर लुत्तेरोथ यांनी, 1933 साली. पहिल्या वर्षी मुखवटे नव्हते. 1934मध्ये अमेरिकेहून आलेल्या एका पैलवानाला तोंड झाकून उतरायचं होतं, म्हणून तो अंतोनिओ मार्तिनेस नावाच्या कारागिराकडे गेला. हे मार्तिनेस लेओन शहराकडचे, चामड्याचे बूट बनवणारे. त्यांनी बुटाचं माप घ्यावं तसं डोक्याचं माप घेतलं आणि चामड्याचा मुखवटा शिवून दिला. पुढे कापड आलं, रंग आले, आणि मार्तिनेसांचं दुकान मुखवट्यांचं घराणंच होऊन बसलं.

लोकांनी खरा डोक्यावर घेतला तो ‘एल सांतो’. ‘संत’ हेच त्याचं आखाड्यातलं नाव. मूळचा रोदोल्फो गुस्मान उएर्ता, जन्म 1917चा. आधी दोन-तीन नावांनी लढून पाहिलं, आणि 1942मध्ये रुपेरी मुखवटा चढवून तो ‘संत’ झाला. मग चित्रकथांची मासिकं निघाली, पन्नासहून अधिक चित्रपट झाले, त्यांत त्याने रक्तपिपासू बायकांपासून ममींपर्यंत सगळ्यांना लोळवलं. या सगळ्या काळात लोकांनी त्याचा चेहरा पाहिला नाही. जानेवारी 1984मध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात त्याने मुखवटा जरासा वर सरकवला. पुढच्याच महिन्यात, 5 फेब्रुवारीला, तो गेला, आणि त्याला मुखवट्यासकटच पुरलं.

या खेळात मुखवट्याचे नियम कडक आहेत. चालू कुस्तीत समोरच्याचा मुखवटा ओढून काढला तर कुस्ती हरल्यात जमा होते. मात्र दोघांनी ठरवून मुखवटा पणाला लावला, तर हरणाऱ्याने सगळ्यांसमक्ष तो उतरवायचा आणि खरं नाव सांगायचं. मुखवटा नसलेला पैलवान केस पणाला लावतो. हरलेल्याला परत तोच मुखवटा चढवता येत नाही. म्हणजे मुखवटा हा तिथे पैलवानाचा दुसरा जन्म असतो आणि तो एकदाच मिळतो. फ्राय तोर्मेंता या नावाने लढणारे एक गृहस्थ तर खरोखरचे कॅथलिक पाद्री होते. अनाथ मुलांचा सांभाळ करायला पैसा हवा, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पिवळा-लाल मुखवटा घालून कुस्त्या मारल्या. संत पैलवान झाला आणि पाद्रीही पैलवान झाला, तिथे मुखवट्याचं पदक मेरीच्या पदकाशेजारी येऊन बसलं यात नवल काय?

आता त्या हातापायांकडे वळू. त्यांना मेक्सिकोत ‘मिलाग्रो’ म्हणतात. पाय दुखत असेल तर पत्र्याचा पाय, डोळे आले असतील तर डोळे, मूल हवं असेल तर बाळ, गाय आजारी असेल तर गाय. संताला बोलायचं आणि गुण आला की ते रूप त्याच्या वस्त्राला किंवा शेजारच्या फळीला टाचायचं. चांदीचं, पितळेचं, कथलाचं, ज्याला जे परवडेल ते. यासोबत पत्र्यावर रंगवलेली छोटी चित्रंही वाहत. घोड्यावरून पडलो, अमुक संताने वाचवलं, असं चित्रात दाखवून खाली दोन ओळी लिहायच्या. ही रीत स्पॅनिश लोकांबरोबर गेली आणि तिथल्या कारागिरांच्या हातात पडून रंगीत झाली.

त्याच आयबेरियन द्वीपकल्पातून, पोर्तुगालहून, निघालेली दुसरी गलबतं आपल्याकडे आली. 1534च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगिजांकडे गेली, चेंबूर ज्या बेटाच्या टोकाला आहे ते ट्रॉम्बेही त्यांच्या अमलात होतं, आणि चिमाजी अप्पांच्या 1737 ते 1739च्या मोहिमेत हा मुलूख मराठ्यांनी घेतला. राज्य गेलं तरी नवस राहिला. वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालते. टेकडीच्या चढणीवर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला असतात. घर हवं असणारा मेणाचं घर वाहतो, आणि मुंबईत घराचा नवस सर्वांत जास्त कोणाला फळला हे मोतमाउलीच जाणे. या गर्दीत हिंदू किती आणि ख्रिस्ती किती, हे मोजण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948पासून दर बुधवारी जी नोव्हेना चालते, ती ‘निरंतर साहाय्य करणाऱ्या माते’ची. चेंबूरचं अवर लेडी ऑफ पर्पेच्युअल सकर हे चर्च याच मातेच्या नावाचं. मेक्सिकोचा मिलाग्रो आणि वांद्र्याचा मेणाचा हात यांचं आजोळ एकच, आयबेरियातलं.

पण म्हणून अवयवाचं रूप वाहण्याची कल्पना आपण पोर्तुगिजांकडून शिकलो, असं म्हणणं चुकीचं ठरेल. देवीला चांदीचे डोळे वाहायची चाल महाराष्ट्रभर आहे. गोवर-कांजिण्या येऊन गेल्या, पोराचे डोळे वाचले, की देवीच्या देवळात चांदीचे डोळे जातात. मूल झालं की पाळणा बांधतात. तमिळ मुलखात समयपुरमच्या मारियम्मनला किंवा पळणीच्या मुरुगनला ठशावर ठोकलेले चांदीचे हात, पाय, चेहरे, आख्खं माणूस वाहतात. ते हुंडीत टाकायचं. छेडानगरच्या मुरुगनाच्या देवळात ज्या घरांचे पाय वळतात, त्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. हे सारं पोर्तुगीज गलबतांच्या वाटेवर नव्हतं. दुखरी जागा देवाला दाखवायची तर तिचं रूपच पुढे ठेवायचं, हे माणसाला ठिकठिकाणी आपापलं सुचलेलं दिसतं.

चांदीचा रस्ता मात्र खरंच एक होता. आपल्याकडे चांदीच्या खाणी नावालाच. सोळाव्या शतकात मेक्सिकोत साकातेकास आणि दक्षिण अमेरिकेत पोतोसी इथे प्रचंड चांदी सापडली, आणि तिची स्पॅनिश नाणी युरोपमार्गे आणि मनिलामार्गे आशियात आली. सुरतेच्या टांकसाळीत ती वितळवून त्यांचे रुपये पाडत. रुपये पुढे सोनाराच्या मुशीत जात आणि त्यांचे वाळे, तोडे, टाक होत. एखाद्या जुन्या मराठी घराच्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाची चांदी मेक्सिकोच्या डोंगरातून निघालेली असू शकते. खंडोबाला त्याचं सोयरसुतक नसावं.

आता टाकाकडे येतो, कारण माझ्या मते मेक्सिकोच्या त्या पदकाचा जवळचा भाऊ तोच. दोन-तीन इंचांचा, चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव आणि पाठीला बहुधा तांब्याचा पत्रा. घोड्यावरचा खंडोबा, शेजारी म्हाळसा, पायाशी कुत्रा, अष्टभुजा भवानी, जोतिबा, भैरोबा, आणि घराण्यात कोणी लढाईत किंवा अवेळी गेला असेल तर त्याचा वीर. करायची रीत अशी. पोलादाच्या किंवा काशाच्या ठशात रूप उलटं कोरलेलं असतं. त्यावर पातळ पत्रा ठेवायचा, वर शिशाचा तुकडा, आणि हातोडी. शिसं मऊ असल्यामुळे पत्रा न फाटता ठशाच्या खाचांत उतरतो. मग तो राळेवर किंवा लाखेवर बसवून बारीक छिन्नीने डोळे, दाढी, घोड्याची आयाळ कोरून काढायची. कडेला काठ वळवायचा, पाठीचा पत्रा झाळायचा. लेओनच्या त्या बूटवाल्याने डोक्याचं माप घेतलं, इथला सोनार देव्हाऱ्याच्या खणाचं माप घेतो.

टाक रोज धुतला जातो, त्याला हळद-कुंकू लागतं, जागरण-गोंधळात तो पाटावर येतो, जेजुरीला नेऊन मूळ देवाला भेटवला जातो. शतकभराच्या अशा हाताळणीने देवाचं नाक झिजतं. मग घरात कार्य निघालं की नवे टाक करतात. भाऊ वेगळे झाले की नव्या चुलीसाठी नवे टाक येतात. नाशकात धुळवडीच्या दिवशी वीरांच्या टाकांना गोदावरीवर रामकुंडात अंघोळ घालायला नेतात. वाजतगाजत, नाचवत. बाशिंग बांधलेला वीर त्या दिवशी रस्त्याने निघतो तेव्हा दोन इंचांचा पूर्वज पुरुषभर उंच होतो. मला मेक्सिकोचा रुपेरी मुखवटा पहिल्यांदा समजला तो या मिरवणुकीच्या अंगाने. गेलेल्याला उठवायचं तर कोणा जिवंताने त्याचं रूप अंगावर घ्यायला लागतं.

मुखवटा आणि देव यांचं नातं आपल्याकडे मेक्सिकोपेक्षा गुंतागुंतीचं आहे. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेच्या पालखीला चांदीची रुपं लावतात. रुपं म्हणजे देवांचे चेहरेच. एरवी ती मानकऱ्यांच्या ताब्यात, कुलपात. रुपं लागली की पालखी देव होते, घरोघर जाते, नाचते, कौल देते. त्र्यंबकेश्वरी दर सोमवारी पंचमुखी सोन्याचा मुखवटा पालखीतून कुशावर्तावर जातो. मूळ लिंग जागेवरच असतं. गौरी घराघरात मुखवट्यावरच उभ्या राहतात, साडी-चोळी, दागिने मागून. चेंबूरच्या बाजारात भाद्रपदात पितळी, शाडूचे, प्लास्टरचे गौरींचे मुखवटे मांडलेले दिसतात, आणि घेणारी बाई प्रत्येक मुखवटा हातात धरून त्याच्या डोळ्यांत बघते. आपल्या घरी यायला हा चेहरा राजी आहे का, हे ती तपासते.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात चैत्र-वैशाखात बोहाडा होतो. रात्रभर, टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-पिपाणीच्या तालावर एकेक सोंग येतं. गणपती, शारदा, नरसिंह, भीम, रावण. मुखवटे पूर्वी लाकडाचे, मग कागदाच्या लगद्याचे. घालणारा वारली असेल, कोकणा असेल, महादेव कोळी असेल. दिवसा तो शेजाऱ्याशी बांधावरून भांडणारा माणूस. सोंग चढलं की बायाबापड्या त्याच्या पाया पडतात, आरती होते. लुचा लिब्रेमध्ये मुखवट्याखालचा माणूस कोण हे गुपित असतं आणि ते फुटलं की खेळ संपतो. बोहाड्यात नरसिंहाखाली कोण आहे हे आख्ख्या गावाला ठाऊक असतं, आणि त्याने काहीएक बिघडत नाही. मला हे दुसरं जास्त धाडसाचं वाटतं. गुपितावर उभी राहिलेली श्रद्धा सोपी. ओळखीच्या माणसात देव पाहायला ताकद लागते.

मग आपल्या कुस्तीत मुखवटा का आला नाही? तालमीत मारुती असतो, हौद्यातल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू पडतं, पैलवान आधी मारुतीला हात जोडतो आणि मगच मातीत उतरतो. कोल्हापुरात अंबाबाईचं देऊळ, देवळाजवळ सोनारांची गुजरी आणि थोड्या अंतरावर शाहू महाराजांनी 1912मध्ये उभारलेलं खासबाग मैदान, हे तिन्ही पायी फिरण्याच्या टप्प्यात आहेत. देव, दागिना आणि कुस्ती इतकी जवळ असूनही आपला मल्ल तोंड झाकत नाही. तो लंगोटावर उभा राहतो. अंगावर दागिना नाही, चेहऱ्यावर पडदा नाही. जिंकला की मात्र खांद्यावर येते ती चांदीची गदा, म्हणजे मारुतीचं आयुध. महाराष्ट्र केसरीची गदा ज्याच्या खांद्यावर पडते, तो त्या घटकेपुरता मारुतीच्या जागी उभा असतो. मेक्सिकन पैलवान लढण्याआधीच संत होऊन येतो. आपल्याकडे देवाचं लेणं जिंकल्यावर मिळतं. मुखवटा आला नाही तो यामुळे, असं मला वाटतं. गदेच्या आकाराची पदकं सराफाकडे मिळतात, ती घालणाऱ्यांत पैलवान किती आणि जिममध्ये जाणारे किती, हा वेगळा विषय.

देवाचं रूप थेट अंगावर वागवायची परंपराही आपल्याकडे जुनीच आहे, फक्त ती फॅशन म्हणून कोणी पाहिली नाही. भवानीचे भुत्ये कवड्यांच्या माळा घालतात आणि छातीवर देवीचा टाक. लहान मुलाच्या गळ्यात वाघनख, दंडावर ताईत. आणि एक रीत तर अंगावर काटा आणणारी. पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं, तर अनेक घरांत दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालत. गेलेल्या सवतीने नव्या नवरीला त्रास देऊ नये म्हणून तिचंच रूप गळ्यात वागवायचं, सणावारी आधी तिला हळद-कुंकू वाहायचं. संसारात वाटेकरी असलेल्या बाईला आयुष्यभर उराशी धरायला लावणारा हा दागिना. याच्यासमोर मेक्सिकोचे ते दागिने फारच सौम्य वाटतात.

परक्या देवाला आपल्या गळ्यात घरचं करून टाकायचं, यातही आपण मागे नव्हतो. पुतळ्यांची माळ पाहा. आज ती अस्सल मराठमोळी म्हणून नवरीला घालतात. व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं, डुकाट, 1284पासून पाडलं जाई आणि व्यापारातून ते मलबार-कोकणापर्यंत येई. त्याच्या एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात उभा येशू. सोनं चोख, म्हणून दागिन्यात ओवायला उत्तम. नाणी कमी पडू लागली तशी सोनारांनी त्यांच्या नकला पाडल्या. नकलेवरून नकला होताना लॅटिन अक्षरांच्या रेघोट्या झाल्या आणि संत मार्क व येशू यांच्या नुसत्या उभ्या बाहुल्या, म्हणजेच पुतळ्या. पुढे त्यांत कोणाला रामसीता दिसले, कोणाला लक्ष्मी, आणि ठसेही तसे निघाले. व्हेनिसचा येशू पैठणीवर मिरवला आणि कोणाचा धर्म बुडाला नाही.

कोल्हापुरी साज हा तर गळ्यात घालायचा देव्हाराच. जवमण्यांमध्ये ओवलेली पानं सोन्याच्या पत्र्याची असतात, ठशावर ठोकून आत लाख भरलेली. पत्रा पातळ, म्हणून दिसायला भरघोस आणि वजनाला बेताचा. एकवीस पानांच्या साजात दहा अवतार, आठ अष्टमंगल, माणिक आणि पाचूची एकेक, आणि उरलेला एक ताईत, असा हिशोब सांगतात. मासा, कासव, शंख, बेलपान, कारलं, चंद्र, नाग, भुंगा. आणि यांतच कीर्तिमुख, वटारलेल्या डोळ्यांचं, जबडा वासलेलं, धड नसलेलं तोंड. देवळाच्या उंबरठ्यावर जे वाईट नजर अडवायला कोरतात, तेच बाईच्या गळ्यावर बसतं. नुसता मुखवटा, तोही सोन्याचा, आणि काम पहारा देण्याचं. हे पान पाहिल्यावर एल सांतोचं पदक मला मुळीच परकं वाटलं नाही.

इतकं सारखेपण दाखवल्यावर जो फरक उरतो तो नीट सांगायला हवा, कारण लेखाचा मुद्दा तोच आहे. चांदीचे डोळे किंवा मिलाग्रो ही देऊन टाकायची वस्तू. ती आपल्या हातून सुटते तेव्हाच नवस फिटतो. दागिना ही ठेवून घ्यायची वस्तू. मिलाग्रोची माळ करून गळ्यात घालायची म्हणजे जे संताला द्यायचं ते स्वतःला देणं. काही भाविकांना हे खटकतं आणि त्यांचं खटकणं मला पटतं. पण इतिहास पाहिला तर रूपं दोन्ही दिशांनी जा-ये करतात. बायका अंगावरचा दागिना उतरवून देवीला वाहतात आणि देवीच्या रूपाचा दागिना करून अंगावर घेतात. जत्रेतून आणलेलं पदक मूर्तीच्या पायाला लावूनच गळ्यात घालायचं, ही साधी रीत या दोन टोकांमधला पूल आहे. विकत घेतलेली वस्तू आधी देवाची होते, मग प्रसाद म्हणून परत येते.

कारखान्यातून थेट दुकानात आलेल्या पदकाला हा टप्पा नसतो. मेक्सिकोच्या चांदीकामाचंही असंच झालं. तास्को या खाणींच्या गावात 1931मध्ये विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकन माणसाने कार्यशाळा काढली, स्पॅनिश येण्यापूर्वीच्या तिथल्या शिल्पांवरून नक्ष्या उचलल्या, स्थानिक पोरांना शिकवलं. गाव जगभर प्रसिद्ध झालं, शेकडो कारागिरांची पोटं भरली. त्या नक्ष्यांमधले देव मात्र केवळ नक्षी होऊन राहिले. बाहेरच्याने केलं म्हणून मी नावं ठेवणार नाही. त्याच्यामुळे हात तरी जिवंत राहिले.

चेंबूरच्या गळ्यांकडे परत आलं की दिसतं, आजच्या पदकांचं काम नवसापेक्षा ओळखीचं जास्त आहे. कॅम्पातल्या सिंधी तरुणाच्या गळ्यात माशावर बसलेला झुलेलाल असतो. त्याच्या आजोबांनी फाळणीत सिंधू नदी मागे टाकली आणि इथल्या लष्करी बराकींत संसार मांडला. नदीचा देव आता साखळीत आहे. माहुलच्या कोळ्याच्या गळ्यात कार्ल्याची एकवीरा. सिद्धार्थ कॉलनीतल्या पोराच्या गळ्यात बाबासाहेब किंवा बुद्ध, 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेलगतच्या गाळ्यावरून घेतलेले. त्याला कोणाकडे नवस बोलायचा नसतो. तो काय आहे हे समोरच्याने वाचावं, आणि मान वर करून चालताना ते दिसावं, इतकंच त्या पदकाचं काम. मेक्सिकोतून अमेरिकेत गेलेल्यांची नातवंडं एल सांतोचं पदक घालतात तीही नेमकी याच कारणाने.

नवे दागिने घडवणाऱ्या आपल्याकडच्या कलाकारांनी एक पथ्य मात्र पाळावं. मराठी घरात सोनं पायात घालत नाहीत, कारण ती लक्ष्मी. देवाचं रूप कंबरेखाली वागवत नाहीत. जोडव्यावर गणपती आणि पैंजणाला देवीचे डोळे लावून ‘लोककलेवर आधारित’ अशी चिठ्ठी चिकटवणं, हे ती लोककला जपणाऱ्या लोकांना न विचारता केलेलं काम. कीर्तिमुख, वाघनख, कवडी, बोहाड्यातला रावण, गदा यांच्यावर करायला इतकं पडलं आहे की देवाला पायात आणायची गरज नाही.

घेणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. पदक उलटं करून पाहा. ठशावर ठोकलेल्या पत्र्याला मागून रूपाचा खळगा दिसतो आणि हातोडीचे बारीक घाव जाणवतात. ओतीव पदक मागून बहुधा सपाट आणि हाताला जड. लाखेवरचा दागिना गरम पाण्यापासून जपा, लाख मऊ पडली की पत्रा दबतो. यंत्रावर दाबलेल्या शंभर टाकांतल्या शंभर घोड्यांची आयाळ एकसारखी असते, हाताने कोरलेल्यात नसते.

आणि घरात जुने टाक असतील, नवे करायचं ठरत असेल, तर जुने मोडीत घालण्याआधी प्रत्येकाचा पुढून-मागून फोटो काढा. कोणता टाक कोणाचा, वीर असेल तर तो कोण, कुठे आणि कसा गेला, हे घरातल्या थोरल्या माणसाकडून आजच लिहून घ्या. सराफाच्या तराजूत यातलं काही उतरत नाही. शक्य असेल तर जुन्या टाकाबरहुकूम हाताने उठवून देणारा सोनार शोधा. मजुरी जास्त पडेल, ती द्या.